एकोणीस दिवस बंद असलेला फोन

समाजकार्यकर्त्याच्या नोकरीचा पहिला दिवस, २० जानेवारी २०२५, सोमवार. टेबलाच्या खणात बटणांचा एक साधा फोन सापडला, चार्जरची वायर त्याच्याभोवती गुंडाळलेली. "तो ताईंचा. म्हणजे आता तुमचा," कुणीतरी सांगितलं. चार्जिंगला लावला. दहाएक मिनिटांनी फोन सुरू झाला आणि एकामागोमाग मेसेज येऊ लागले: अमुक नंबरने तुम्हाला कॉल केला होता, इतके वाजता. एकूण एकतीस. त्यांतले चार एकाच नंबरवरून, ९ जानेवारीला दुपारी एक ते साडेतीनच्या दरम्यान. आणखी तीन १२ तारखेचे, वेगळ्याच नंबरवरून. ते सातही कॉल एकाच माणसाचे होते हे कळायला मला पुढचे सतरा दिवस लागले.

त्या माणसाचं हे प्रकरण. खरं तर त्याच्यापेक्षा आमच्या ऑफिसचं जास्त. नाव देत नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ऑफिसात त्याला सगळे 'मुलगा' म्हणतात. बावीस वर्षांच्या माणसाला असं म्हणणं बरोबर नाही हे मान्य, पण तोंडात बसलेला शब्द आहे, इथेही तोच वापरतो.

साडेपाच माणसं

आमचा प्रकल्प कल्याणचा. आधारवाडी कारागृहातून सुटणारी किंवा न्यायालयाने परिविक्षेवर (तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर, देखरेखीखाली) सोडलेली तरुण मुलं, म्हणजे कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ या पट्ट्यातली. कामाची पद्धत नवी नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून मुंबईत हेच करत आला आहे: कैद्याला आत जाऊन भेटायचं, वकील लागला का पाहायचं, घरच्यांशी गाठ घालून द्यायची, सुटल्यावर राहण्याची आणि कामाची सोय लावायची. आमचं प्रमाण मात्र अगदी लहान. समन्वयक मॅडम, दोन समाजकार्यकर्ते, मुलांच्या खोलीवर रात्री मुक्कामाला असणारे दादा (हे स्वतः एकेकाळी आत जाऊन आलेले), हिशेब बघणारे काका, आणि आठवड्यातून तीन दिवस येणाऱ्या वकील मॅडम. त्यांना आम्ही गमतीने अर्धं माणूस धरतो.

पगाराची व्यवस्था सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच आलं. काका सोडून सगळ्यांचे पगार प्रकल्पाच्या पैशातून, अकरा महिन्यांच्या करारावर. मुलांची खोलीसुद्धा अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर. काकांचा पगार तेवढा संस्थेच्या कायम निधीच्या व्याजातून निघतो, कारण हिशेबनीसाचा पगार द्यायला कुणी देणगीदार तयार होत नाही. शिलाई मशीन द्यायला दहा जण येतात, मशीनशेजारी उभा राहून फोटोही काढतात. खोलीचं भाडं किंवा समाजकार्यकर्त्याचा प्रवासखर्च म्हटला की तोंडं वाकडी होतात. त्यामुळे काका चौदा वर्षं त्याच खुर्चीत आहेत आणि समाजकार्यकर्त्याच्या खुर्चीत बसणारा मी सहावा.

पत्ता

नोव्हेंबर २०२२ मध्ये स्टेशनबाहेरच्या फळांच्या गाडीवर ठेवलेला एक मोबाइल मुलाने उचलला आणि तीस पावलांवर पकडला गेला. भारतीय दंड संहितेचं कलम ३७९, साधी चोरी. पंचनाम्यात मोबाइलची किंमत नऊ हजार. डिसेंबरात पंधरा हजारांचा जामीन मंजूर झाला. जामीन मंजूर होणं आणि माणूस बाहेर येणं यांत केवढं अंतर असतं ते आधारवाडीच्या गेटवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. पंधरा हजारांची ऐपत दाखवणारा जामीनदार लागतो, त्याची कागदपत्रं लागतात. मुलाचे आईवडील नाहीत. मावशीने वाढवला, आणि ती हंगामाप्रमाणे वीटभट्ट्यांवर फिरणारी. तिच्या नावावर वीजबिलही नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मोती राम प्रकरणात हे सगळं सांगून ठेवलं आहे. तो गवंडी होता. त्याच्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला, भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भाऊ चालेना. न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याला त्याच्या स्वतःच्या हजार रुपयांच्या बंधपत्रावर, म्हणजे लेखी हमीवर, सोडायला सांगितलं. पुढे ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात याच न्यायालयाने म्हटलं की जामीन मिळून सात दिवसांत कैदी सुटला नाही तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, आणि महिनाभरात जामीनदार उभा राहिला नाही तर अटी सैल करता येतील का हे न्यायालयाने आपणहून पाहावं. त्या आदेशाचा आधार घेऊन मार्चमध्ये वैयक्तिक जातमुचलक्याचा, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर सोडण्याचा, अर्ज गेला. न्यायालयाने विचारलं, राहतो कुठे? उत्तर नव्हतं.

मग ताईंनी, म्हणजे माझ्या आधीच्या कार्यकर्तीने, प्रकल्पाच्या खोलीचा पत्ता लावला. खोली घेतली होती आठ-पंधरा दिवसांच्या तात्पुरत्या मुक्कामासाठी.

जूनमध्ये मुलाने गुन्हा कबूल केला. तेव्हा तो वीस वर्षांचा. इथे एक निर्णय झाला आणि त्याबद्दल आमच्यात आजही दोन मतं आहेत. सात महिने आत काढलेल्या पोराला सहसा 'सोसली तेवढी शिक्षा' मिळते. संध्याकाळी सुटका, विषय संपला. मुलालाही तेच हवं होतं. ताईंनी अपराधी परिविक्षा अधिनियम, १९५८ चा आग्रह धरला. एकवीस वर्षांखालच्या आरोपीला जन्मठेपेपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात तुरुंगवास द्यायचा तर कलम ६ नुसार न्यायालयाला परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल बघावा लागतो आणि कारणं नोंदवावी लागतात. कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येतं, त्यासाठी राहण्याचा निश्चित पत्ता किंवा नियमित काम असल्याची न्यायालयाची खात्री पटावी लागते. आणि कलम १२ मुळे दोषी ठरल्यापोटी येणारी अपात्रता लागत नाही. दोषसिद्धी पुसली जात नाही, पण उद्या कुठल्या नोकरीच्या फॉर्मवर तो आपोआप बाद ठरत नाही.

परिविक्षा अधिकाऱ्यांनी गृहचौकशी केली, म्हणजे आमच्या खोलीची आणि मावशीच्या झोपडीची. न्यायालयाने दोन वर्षांच्या बंधपत्रावर, देखरेखीच्या आदेशासह सोडलं. अटी तीन: प्रकल्पाच्या पत्त्यावरच राहायचं, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी परिविक्षा अधिकाऱ्यांपुढे हजर व्हायचं, परवानगीशिवाय पत्ता सोडायचा नाही.

सोसलेली शिक्षा घेतली असती तर तो त्याच संध्याकाळी मोकळा झाला असता, आणि पुढे जे झालं ते 'अटीचा भंग' ठरलंच नसतं. पुढे तो ज्या जीन्सच्या कारखान्यात कामाला लागला तिथे त्याला कुणी फॉर्म भरायला सांगितला नव्हता. ताईंचं बरोबर की चूक, मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

फाइल

मला मिळालेली फाइल १०८ पानांची, टाचण्या न लावता दोऱ्याने नीट शिवलेली. आधारच्या दुरुस्तीचेच अकरा कागद. आधारवर आडनाव एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. पत्त्यासाठी नगरसेवकाचा दाखला चालतो म्हणतात, पण २०२३ मध्ये इथल्या महापालिकांवर प्रशासक, नगरसेवक होतेच कुठे? शेवटी राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीवर काम झालं. ती सही मिळवायला ताई पाच वेळा गेल्या होत्या, पाचही नोंदी तारखेनिशी आहेत. मग बँकेचं शून्य शिलकीचं खातं. मग उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या कारखान्यात धागा कटिंगचं काम, पीसवर पैसे. वर्षभराने रिव्हेट मारायच्या मशीनवर बढती. दर महिन्याच्या हजेरीची नोंद. समुपदेशनाच्या नोंदी: 'झोप लागत नाही', 'झोप बरी', 'ओव्हरटाइम करतो'.

शेवटचं पान ३० डिसेंबर २०२४ चं. 'प्रगती समाधानकारक. हस्तांतरण.'

ताईंचा करार ३१ डिसेंबरला संपला आणि बाळंतपण जानेवारीच्या शेवटी. करार डिसेंबरात संपल्यामुळे बाळंतपणाच्या रजेचा प्रश्न संस्थेपुढे आलाच नाही. हे मी संस्थेचा माणूस म्हणून लिहितो आहे, मान खाली घालून. माझी नेमणूक वीस तारखेची. मधल्या एकोणीस दिवसांत दुसऱ्या कार्यकर्त्याकडे आपल्या चाळीस फायली अधिक ताईंच्या एकतीस. त्याला 'फक्त तातडीचं बघ' असं सांगितलेलं. फोन खणात गेला तो बॅटरी संपून बंद पडला आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता माझी चूक. पहिल्या दोन आठवड्यांत मी फायली वाचल्या. खोलीवर चौकशी केली तेव्हा दादांनी रजिस्टर दाखवलं: '११/१, गावाला. दोन दिवस.' मी म्हटलं, गावाला गेला असेल. दोन दिवसांचे दहा झाले तरी मी फाइलच वाचत होतो. नव्या माणसाला कागद सोपा पडतो, तो उलटून बोलत नाही.

३ फेब्रुवारीचा सोमवार गेला. दुसऱ्या दिवशी परिविक्षा अधिकाऱ्यांचा फोन: "तुमचा मुलगा आला नाही. जानेवारीत आला होता, सहा तारखेला, तेव्हा ठीक होता. काय भानगड?" महाराष्ट्रात परिविक्षा अधिकारी महिला व बाल विकास विभागाखाली येतात. त्यांच्या डोक्यावर बालकांची प्रकरणंही असतात, एका मुलामागे धावायला त्यांना वेळ कुठून असणार. तरी ते म्हणाले, "मला न्यायालयाला कळवावं लागेल. पुढच्या सोमवारपर्यंत आणा त्याला. त्यानंतर मी थांबू शकत नाही."

त्याचा फोन बंद. कारखान्यात गेलो. सुपरवायझर मशीनवरून मान वर न करता म्हणाला, "पोलीस घेऊन गेलते त्याला. शेठ बोलले, नको आता." ९ तारखेच्या पहाटे ओव्हरटाइम संपवून टपरीवर चहा पीत असताना त्याला चौकशीला नेलं होतं. परिसरात दोन मोबाइल गेले होते आणि हा रेकॉर्डवरचा. दुपारी सोडून दिलं. ना अटक, ना नोंद. त्या पहाटेचं एकही चिटोरं कुठल्या फायलीत सापडणार नाही. सुटल्या सुटल्या त्याने ताईंना चार कॉल केले.

व्हाउचर

५ तारखेला दुपारी मी ऑफिसात डोकं धरून बसलो होतो. समन्वयक मॅडम ताईंना फोन लावत होत्या. ताई दवाखान्यात, फोन घरचे उचलेनात. काका व्हाउचरच्या गठ्ठ्याला पंच मारत होते. मान वर न करता म्हणाले, "आला होता तो. दहा तारखेला."

"कोण?"

"तुमचा मुलगा. त्या खुर्चीवर बसला. पाणी प्यायला. ताई सोडून गेल्या म्हटल्यावर उठला. मॅडम मीटिंगमध्ये होत्या."

"काका, मग सांगितलं का नाही?"

"मला कुणी विचारलं?" हे त्यांनी तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. खरंच त्यांना कुणी विचारलं नव्हतं. सोमवारच्या केस मीटिंगला हिशेबनीसाला बोलवायची पद्धतच नाही. दादांनाही नाही, कारण त्यांची ड्यूटी रात्रीची.

मग त्यांनी कपाटातून मागच्या वर्षाची व्हाउचर फाइल काढली. बोट ओलं करून पानं उलटली आणि एक पान माझ्याकडे सरकवलं. 'कल्याण–आसनगाव व परत, रेल्वे व मॅजिक, रु. ६०. क्षेत्रभेट.' ताईंची सही. बाजूला लेखापरीक्षकाच्या लाल पेन्सिलने लिहिलेलं: 'प्रयोजन?' असं व्हाउचर जवळपास दर महिन्याला होतं, २०२३ च्या नोव्हेंबरपासून मेपर्यंत, आणि पुन्हा २०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात. "ऑडिटला विचारलं होतं मला, आसनगावला तुमचं कोण आहे. ताई म्हणाल्या, काका, एवढं पास करा, मी नंतर सांगते. सांगायचं राहून गेलं." १०८ पानांच्या फायलीत आसनगाव हा शब्द एकदाही नव्हता.

नोव्हेंबर ते मे हा वीटभट्ट्यांचा हंगाम. दिवाळी झाली की भट्ट्या सुरू, पाऊस तोंडावर आला की बंद. मावशी.

"उद्या जातो," मी म्हणालो.

"मी येतो," काका म्हणाले. "तुम्हाला तो ओळखत नाही."

भट्टीवर

आसनगावला उतरून मॅजिकमध्ये, म्हणजे शेअरच्या छोट्या गाडीत, कोंबून घेतलं, मग पायी. काकांनी ऑफिसची बॅग छातीशी धरलेली, चपलेत राख गेलेली. ओळीने लावलेल्या कच्च्या विटा, मागे धुमसणारी भट्टी, तुसाचा ढीग. मुलगा पाठमोरा होता, डोक्यावर फळी, फळीवर विटा. आधी त्याने मला पाहिलं आणि चेहरा बंद केला. साध्या कपड्यातला पोलीस समजला असणार. मग काका दिसले.

"काका? तुम्ही इथं?"

"पगार आणलेला नाही, घाबरू नको," काका म्हणाले.

तो हसला, आणि मग विटा खाली ठेवून तिथेच बसला. बारा तारखेचे तीन कॉल त्याने मुकादमाच्या फोनवरून केले होते. आपल्या फोनचं रिचार्ज संपलेलं. मुकादमाच्या नंबरवर मीही जानेवारीत दोनदा फोन केला होता, इनकमिंग बंद. तीन तारीख लक्षात होती का? होती. "पण सर, ताई नाहीत. काम नाही. साहेबांना काय सांगणार, काम का सुटलं? पोलिसांनी नेलं सांगितलं तर परत आत." त्याच्या हिशेबात पोलिसांनी नेणं म्हणजेच अटीचा भंग. तसं नाही हे त्याला समजावून सांगणारी एकच व्यक्ती होती आणि तिचा फोन खणात होता.

आता दुसरी अडचण. भट्टीचं काम उचलीवर चालतं. हंगामाआधी मुकादम आगाऊ रक्कम देतो, दर आठवड्याला खर्ची देतो, हंगाम संपला की हजार विटांमागच्या दराने हिशेब. मावशीच्या उचलीत मुलाच्या नावावर तीन हजार चढले होते. मुकादमाचं म्हणणं सरळ: नेताय तर न्या, पैसे ठेवा. १९७६ चा वेठबिगार कायदा माझ्या अगदी जिभेवर आला होता. नाही बोललो. मी कायदा सुनावून सव्वाचारची लोकल पकडली असती, मावशी मे महिन्यापर्यंत तिथेच राहणार होती. आणि आमच्या अंदाजपत्रकात 'उचल फेडणे' असं काही खातं नाही.

काकांनी मुकादमाची वही मागितली. का कोण जाणे, त्याने दिली. हिशेब मांडणाऱ्या माणसाला हिशेब मांडणारा ओळखत असावा. अर्धा तास दोघं बाजेवर बसून होते. काकांनी पाकिटाच्या मागे आकडे मांडले: मुलाने आजवर वाहिलेल्या विटा, वजा खर्ची. तीन हजारांतले अकराशे बाकी राहत होते. मुकादमाने मान्य केलं, पण वर म्हणाला, "पोरगा चांगलाय. सोमवारी न्या, मंगळवारी आणून सोडा."

मुलाचं म्हणणंही तेच निघालं. त्याला कल्याणला यायचंच नव्हतं. मी प्रकल्पाचा माणूस, माझ्या डोक्यात 'परत आणणं' म्हणजे खोलीवर आणणं. तो म्हणाला, "इथं रात्री कोणी उठवत नाही."

जे लिहिलं नव्हतं

सात तारखेच्या रात्री ताईंचा फोन आला, मागे बाळाचं रडणं. त्यांनी पहिलं वाक्य विचारलं, "सापडला?" दुसरं, "आसनगाव मी मुद्दाम लिहिलं नाही."

तो शनिवारी रात्री मावशीकडे जायचा, सोमवारी पहाटे परत. अट होती पत्ता न सोडण्याची. दर वेळी परवानगी मागायची तर ती येईपर्यंत रविवार निघून जायचा. फायलीत लिहिलं तर तो अटीच्या भंगाचा पुरावा. वकिलाच्या आणि अशिलाच्या बोलण्याला कायद्याचं संरक्षण आहे. समाजकार्यकर्त्याच्या नोंदींना नाही. न्यायालयाने मागवली तर फाइल द्यावी लागते. म्हणून ताई महिन्यातून एकदा जाऊन बघून यायच्या की तो खरंच मावशीकडे आहे, आणि गप्प राहायच्या. पंधरा मिनिटं तोंडी बोलल्या असत्या तर मला सगळं कळलं असतं. पण त्या गेल्या ३१ ला, मी आलो २० ला.

मला विचाराल तर त्यांनी अट बदलून घ्यायला हवी होती. त्याच परिविक्षा अधिनियमाच्या कलम ८ खाली परिविक्षा अधिकाऱ्याच्या अर्जावर न्यायालय बंधपत्राच्या अटी बदलू शकतं. ताई म्हणाल्या, अर्ज केला असता आणि फेटाळला असता तर? तेही खरंच.

पन्नास रुपये

सोमवारी, १० फेब्रुवारीला, मुलगा परिविक्षा अधिकाऱ्यांसमोर उभा होता, नखांत राख. ते म्हणाले, "मला लिहावं लागेलच. पण काय लिहायचं ते तुझ्या तोंडून ऐकून लिहितो." चौकशीला नेण्यापासून मुकादमाच्या वहीपर्यंत सगळं त्यांनी लिहून घेतलं. अहवालासोबत त्यांनी अटी बदलण्याचा अर्ज जोडला. मसुदा आमच्या वकील मॅडमचा.

मार्चमध्ये न्यायालयाने दोन्ही एकत्र ऐकलं. कलम ९ नुसार अट मोडल्यास मूळ गुन्ह्याची शिक्षा देता येते. पहिलीच चूक असेल तर बंधपत्र कायम ठेवून दंड करता येतो, जास्तीत जास्त पन्नास रुपये. १९५८ मध्ये पन्नास रुपये ही रक्कम होती. आज कल्याण स्टेशनबाहेर तेवढ्यात वडापाव आणि चहापलीकडे फारसं काही होत नाही. न्यायालयाने पन्नास रुपये दंड केला आणि हंगाम संपेपर्यंत मावशीसोबत भट्टीवर राहायची परवानगी दिली. आसनगाव ज्यात येतं तो शहापूर तालुका ठाणे जिल्ह्यातच, त्यामुळे अधिकारी तेच राहिले.

दंड आम्ही भरू म्हटलं तर मुलाने खिशातून पन्नासची नोट काढली. पावती मात्र मागून घेतली आणि आधारकार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवली.

जाता जाता एक. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात पाच हजारांपेक्षा कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि वस्तू किंवा किंमत परत केली तर शिक्षा म्हणून समाजसेवा आहे. मला लोक विचारतात, आता तुमच्या मुलांसारख्यांचं सोपं झालं ना? या मुलाच्या पंचनाम्यातला मोबाइल नऊ हजारांचा, त्यामुळे त्याला ते लागू झालंच नसतं. आणि लागू झालं असतं तरी त्या सेवेवर लक्ष कोण ठेवणार? जे परिविक्षा अधिकारी आधीच दोन कामं करतात तेच, किंवा आमच्यासारखी अकरा महिन्यांची माणसं.

नंतर

ऑफिसात काय बदललं ते थोडक्यात. फोन आता काकांच्या टेबलावर असतो, चार्जिंगला लावलेला. कार्यकर्ता कुणीही असो. सोमवारच्या मीटिंगला काका आणि दादा बसतात. दादा पहिल्या दोन मीटिंगमध्ये झोपले, तिसऱ्यात त्यांनी सांगितलं की खोलीवरचा दुसरा एक मुलगा आठवडाभर रात्री जेवत नाही. ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. जाणारा आणि येणारा कार्यकर्ता यांनी दहा दिवस बरोबर काम करावं असा प्रस्ताव देणगीदारांकडे पाठवला. उत्तर आलं, एका पदाला दोन पगार कसे? कायम निधीतून पाच दिवस मंजूर झाले, तेही काकांनी व्याजाचा हिशेब दोनदा फिरवल्यावर.

अटी प्रत्यक्षात कशा पाळल्या जातात यावर आम्ही आता सहा महिन्यांनी वकील मॅडमसोबत बसतो. जिथे अट आणि जगणं जुळत नाही तिथे कलम ८ चा अर्ज. पाच केले, तीन मंजूर झाले. उरलेल्या दोघांच्या बाबतीत ताई करायच्या तेच आम्ही करतो, आणि त्याबद्दल इथे यापेक्षा जास्त लिहिणार नाही.

जून २०२५ मध्ये मुलाची दोन वर्षं संपली. हंगाम आटोपून तो कल्याणला आला होता, केस बारीक कापलेले. संपल्याचा कागद हवा म्हणाला. मुदत आपोआप संपते, वेगळा कागद निघत नाही, असं मी सांगितलं, ते त्याला पटलं नाही. वकील मॅडमनी मूळ आदेशाच्या आणि मार्चच्या आदेशाच्या नकलांसाठी अर्ज केला. नकला आल्या तेव्हा त्याने त्यातल्या तारखांवर बोट ठेवून स्वतः दोन वर्षं मोजली.

निघताना दारात थांबला. "सर, तुमचा करार कधीपर्यंत?"

"डिसेंबर."

त्याने नवा फोन काढला. "मग काकांचा नंबर द्या."